सिनसिनाटी चिली घरी कशी जमवायची? (माझी दोनदा फसली आहे)

ओहायोची_माहेरवाशीण | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही सहा वर्षं अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीत काढली, मागच्या वर्षी पुण्याला परत आलो. तिथल्या बर्फाची, टॅक्सची, गवत कापायच्या मशीनची कणभर आठवण येत नाही. आठवण येते ती चिलीची.

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट बशीत मऊ शिजवलेली स्पॅगेटी, तिच्यावर पातळसर, गडद तपकिरी खिम्याचा रस्सा, त्यात दालचिनीचा वास, आणि वर किसलेल्या पिवळ्या चीजचा हा एवढा डोंगर. ही झाली थ्री-वे. कांदा किंवा राजमा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. आम्ही क्लिफ्टनला राहायचो, लडलो अव्हेन्यूवरच्या दुकानात जायचो. नवरा दर शुक्रवारी फोर-वे विथ अनियन, मी फाइव्ह-वे. आल्या आल्या छोटी गोल क्रॅकर्स समोर येतात, त्यांच्यावर हॉट सॉसचा एकेक थेंब टाकून खात बसायचं. क्रॅकर्स संपायच्या आत बशी हजर.

इथे दोनदा करून बघितली.

पहिल्यांदा इंटरनेटवरची एक अमेरिकन कृती घेतली. त्यात लिहिलं होतं 'चिली पावडर ४ टेबलस्पून'. मी घातली. आपली. घरची. सासूबाईंनी संकेश्वरी आणि बेडगी मिसळून कांडून आणलेली. पुढचं सांगत नाही. मुलाने बशी बघून 'आई, याच्याकडे बघूनच शिंक येते' म्हटलं.

दुसऱ्यांदा शहाणपण केलं. तिखट १ चमचा. कांदा छान गुलाबी परतला, आलं-लसूण, त्यावर खिमा कोरडा होईपर्यंत भाजला, टोमॅटो, दालचिनी, लवंग, पाणी, तासभर शिजवला. घरभर वास. स्पॅगेटीवर घातला. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, 'मस्त झालाय खिमा.'

खिमा! इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने चिलीला खिमा म्हणावं यापेक्षा मोठा अपमान नाही. पण खरं तेच होतं. चव चांगली होती, फक्त ती नव्हती. काय चुकतंय?

---

तिरकस | शनिवार, रात्री १०:३१

स्पॅगेटीवर खिमा, खिम्यात दालचिनी, वर चीज. ताई, चूक पदार्थात नाही, सहा वर्षांच्या एकटेपणात आहे.

---

मेसनकर | शनिवार, रात्री ११:०५

तिरकस, इकडे या, मग बोलू. पहिल्यांदा मीही नाक मुरडलं होतं. तिसऱ्यांदा स्वतः गाडी काढून गेलो.

ताई, मी मेसनला बारा वर्षं आहे, सिनसिनाटीपासून अर्ध्या तासावर. तुमची चूक कुठे झाली ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: 'कांदा गुलाबी परतला', 'खिमा भाजला'. या चिलीत काहीही परतत नाहीत. तेल नाही, फोडणी नाही, भाजणं नाही. कच्चा खिमा थेट गार पाण्यात घालायचा, हाताने कुस्करून पाण्यात विरघळवायचा आणि मग पातेलं आचेवर चढवायचं.

---

ओहायोची_माहेरवाशीण | शनिवार, रात्री ११:०९

कच्चा? गार पाण्यात?? मेसनकर, मी आजारी माणसासाठी सूप करत नाहीये.

---

मेसनकर | शनिवार, रात्री ११:२४

माझ्या बायकोची प्रतिक्रिया शब्दशः हीच होती. पातेल्यात बघून म्हणाली, 'हे भांडी धुतलेलं पाणी आहे.' दिसतंही तसंच. करडं, गढूळ, वर फेस. तीन तास धीर धरा.

आणि दुसरी गोष्ट, जी पाककृतीत सगळ्यात खाली एका ओळीत असते म्हणून लोक गाळतात: त्या दिवशी खायची नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी वर चरबीची जी थाळी बसते ती उचलून टाकायची, मग गरम करायची. दुकानातली चव यात आहे. मसाल्याचं लोक उगाच गूढ करतात.

---

ह्यूस्टनचा_हणमंत | रविवार, सकाळी ७:४०

राम राम. सगळं ठीक आहे, पण याला चिली म्हणू नका हो. आमच्या टेक्ससने १९७७ साली चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलंय. त्यात मांसाचे तुकडे, वाळलेल्या मिरच्यांचं वाटण, जिरं, लसूण. बस. राजमा घातला की इथले लोक बोलणं बंद करतात, स्पॅगेटी घातली तर काय करतील कल्पना नाही. सॅन अँटोनिओच्या चौकात संध्याकाळी बाया चुली मांडून चिली विकायच्या, त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणायचे, १९३० च्या दशकापर्यंत चाललं ते. आणि टर्लिंग्वाला १९६७ पासून चिली रांधायच्या स्पर्धा होतात. मी एकदा बघायला गेलो होतो. एवढ्याशा गावात धूर, गाणी आणि टोप्या.

अवांतर: ताईंनी ४ टेबलस्पून तिखट घातलं त्याचं मूळही टेक्ससमध्येच आहे. अमेरिकेत 'चिली पावडर' म्हणजे नुसतं तिखट नव्हे, तो तयार मसाला आहे. अँचो नावाची सौम्य वाळकी मिरची, त्यात जिरं, ओरेगॅनो, लसूण. १८९० च्या दशकात न्यू ब्राउनफेल्स गावात गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने तो करून विकायला सुरुवात केली. त्यामुळे त्यांचे ४ चमचे आपल्या अर्ध्या चमच्यालाही भारी नाहीत.

---

मेसनकर | रविवार, सकाळी ८:१५

हणमंतराव, तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण नाही. या चिलीचा टेक्ससशी संबंध नावापुरताच. ही खरी बाल्कन देशांतली.

१९२२ साली किराजेफ नावाच्या मॅसेडोनियन भावांनी, टॉम आणि जॉन, सिनसिनाटीत एम्प्रेस नावाच्या थिएटरशेजारी टपरीवजा दुकान टाकलं, नावही एम्प्रेसच ठेवलं. त्यांच्या भागात मांसाच्या रश्शात दालचिनी-लवंग घालायची रीतच आहे. ग्रीक पास्तित्सिओ (खिमा आणि पास्त्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) खाल्ला असेल तर तोच वास. तोच रस्सा त्यांनी हॉट डॉगवर घातला, स्पॅगेटीवर घातला, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला कळावं म्हणून त्याला चिली म्हटलं. पुढे १९४९ मध्ये लॅम्ब्रिनिडिस या ग्रीक माणसाने प्राइस हिलवर स्कायलाइन सुरू केलं. टेकडीवरून शहराच्या इमारती दिसायच्या म्हणून ते नाव. १९६५ मध्ये जॉर्डनहून आलेल्या दाऊद भावांनी गोल्ड स्टार काढलं. कॅम्प वॉशिंग्टन चिली १९४० चं, त्याला २००० साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. म्हणजे मॅसेडोनियन, ग्रीक, जॉर्डनचे अरब अशा तिघांच्या हातून हा रस्सा गेला, आणि आता तुमच्यामुळे पुण्यातल्या कढईत आलाय.

---

उकळबिंदू | रविवार, सकाळी १०:०२

गार पाण्याचं कारण सांगतो, म्हणजे ताईंना पटेल. खिमा गरम कढईत पडला की बाहेरून लगेच आवळतो, कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात. मग आपण उलथन्याने मोडत बसतो. गार पाण्यात कुस्करला की मांसातली काही प्रथिनं पाण्यात उतरतात, कण सुटे होतात आणि पाणी हळूहळू तापताना सुटेच शिजतात. म्हणून दुकानातल्या चिलीत खिम्याचा कण रव्यासारखा लागतो, दाताखाली गोळा येत नाही. ओतली की स्पॅगेटीच्या फटीत उतरते.

दुसरं, मांस भाजलं की भाजल्याची खमंग चव येते. आपल्या खिम्याचा जीव त्यात आहे. पण तो खमंगपणा इथे दालचिनी आणि ऑलस्पाइस नावाच्या मसाल्याला दाबतो. म्हणून तुमच्या नवऱ्याला खिमा आठवला. त्याची चूक नाही.

---

ओहायोची_माहेरवाशीण | रविवार, दुपारी १२:३३

बरं बरं, नवऱ्याची बाजू घेणारे पुष्कळ आहेत इथे.

पटलं. पण दोन अडचणी. एक, बीफ आम्ही घरी करत नाही. मटणाचा खिमा चालेल ना? दोन, ऑलस्पाइस. कॅम्पात एका दुकानात विचारलं, त्याने 'कबाबचिनी' म्हणून एक पुडी दिली. मिरीसारखे दाणे, पण प्रत्येकाला छोटी शेपटी. वास कापरासारखा. हेच का ते?

---

दापोलीची_वाडी | रविवार, दुपारी १:१०

नाही! शेपटीवाली ती कंकोळ. कबाबचिनी या नावाने बाजारात दोन्ही विकतात, त्यामुळे घोळ होतो. ऑलस्पाइसचा दाणा मिरीपेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत, तपकिरी, शेपटी नाही. दाताखाली फोडला की लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एकदम आठवतं.

आमच्याकडे याचं झाड आहे परसात. कोकणात रोपवाटिकांमधून 'सर्वसुगंधी' म्हणून मिळतं. आम्हाला फळं फारशी मिळत नाहीत, पण पानं मुबलक. मसालेभातात तमालपत्रासारखं एक पान टाकते. ताई, दाणे नाही मिळाले तर दोन ताजी पानं घालून बघा. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, एसटीने पाठवते. ;)

आणि तमालपत्रावरून आठवलं. अमेरिकन कृतीत 'बे लीफ' असतं ते आपलं तमालपत्र नाही. आपल्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात आणि ते दालचिनीच्याच कुळातलं आहे, वासही तसाच. बे लीफला मधे एकच शीर आणि वास हिरवट, औषधी. तेव्हा आपलं पान घालणार असाल तर दालचिनी थोडी कमी घाला.

---

शेंगदाणा_कूट | रविवार, दुपारी ३:४८

हा धागा वाचून तोंडाला पाणी सुटलं आणि मी शाकाहारी आहे. मुलगी कोलंबसला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा एका दुकानात ही बशी शेजारच्या टेबलावर बघितली होती. कोणी शाकाहारी केली आहे का? सोया ग्रॅन्युल्सचा वास मला सोसत नाही, आधीच सांगते.

---

मेसनकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

काकू, अख्खा मसूर घ्या. शिजवून त्यातला निम्मा रवीने घोटा, निम्मा तसाच ठेवा. रश्श्याला अंग येतं. बाकी मसाला तोच. चरबी नसल्यामुळे चव कोरडी पडते म्हणून एक चमचा तूप घालतो आम्ही, बाहेर सांगू नका.

ताई, मटणाचा खिमा चालेल. बोकडाचा असेल तर छानच. फक्त खाटकाला सांगा मशीनमधून दोनदा काढायला. आणि थोडी चरबी राहू दे म्हणावं. अगदी कोरडा लाल खिमा घेतला तर तीन तासांनी पाण्यात रबराचे तुकडे तरंगतात.

पुण्यात मिळणाऱ्या जिनसा धरून माप देतो, अर्धा किलो खिम्याचं. चार जण पोटभर.

पाणी अर्धा लिटरपेक्षा जरा जास्त, गार. खिमा त्यात कुस्करा. बोटांनी, चमच्याने नव्हे. पाणी गुलाबी-करडं झालं आणि हाताला एकही गोळा लागेना की आच लावा. एक मोठा कांदा किसून किंवा मिक्सरमधून काढून कच्चाच घाला, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून. उकळी आली की वर येणारा फेस काढा. मग टोमॅटो प्युरीचा २०० ग्रॅमचा पुडा, व्हिनेगर १ टेबलस्पून, वूस्टर सॉस चमचाभर, मीठ. मसाल्यात दालचिनी पूड १ छोटा चमचा (तमालपत्र घालणार असाल तर पाऊण), ऑलस्पाइसची पूड अर्धा ते पाऊण चमचा, लवंगा ३, जिरेपूड १ चमचा, पण न भाजलेल्या जिऱ्याची. हे महत्त्वाचं आहे, भाजलेलं जिरं आलं की थेट मिसळीच्या दिशेने गाडी वळते. तिखट बेडगीचंच, १ टेबलस्पून, रंगासाठी. वर चिमटीभर झणझणीत तिखट, हवं तर. ओरेगॅनो अर्धा चमचा. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या तुमच्या ड्रॉवरमध्ये असतीलच. शेवटी बिनसाखरेचा कोको २ छोटे चमचे. चॉकलेटवरून सिनसिनाटीत घराघरात वाद आहेत, दुकानवाले आपली कृती सांगत नाहीत. मी घालतो. चॉकलेटची चव येत नाही, रस्सा फक्त गडद आणि थोडा खोल लागतो.

मंद आचेवर तीन तास, झाकण अर्धवट. मग थंड, मग फ्रिज, मग सकाळ.

---

तिरकस | रविवार, संध्याकाळी ६:४१

कुकरला तीन शिट्ट्या काढल्या तर? इथे गॅस सिलिंडर लागतो हो, ओहायोसारखा पाइपातून नाही येत.

---

उकळबिंदू | रविवार, संध्याकाळी ७:१५

कुकर चालेल, वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर. पण कुकरमध्ये पाणी उडत नाही, त्यामुळे उघडल्यावर रस्सा पाणचट असेल. मग अर्धा तास उघडा उकळत ठेवावाच लागतो. वाटतो तेवढा गॅस वाचत नाही.

आणि रात्रभर ठेवायची म्हणजे ओट्यावर नाही. पुण्यात एप्रिलमध्ये तर अजिबात नाही. परातीत पाणी-बर्फ घेऊन त्यात पातेलं ठेवा, ढवळत राहा, कोमट झालं की लगेच फ्रिजमध्ये.

---

खादाड_पथिक | रविवार, रात्री ९:५०

बीफचा पदार्थ मटणात करून त्याला मूळ नाव द्यायचं म्हणजे फसवणूक नाही का? आणि हे असले पदार्थ मराठी माणसाने का

*(उर्वरित प्रतिसाद व्यवस्थापनाने काढला आहे. कोणी काय खावं हा या धाग्याचा विषय नाही.)*

---

ओहायोची_माहेरवाशीण | पुढचा शनिवार, रात्री ९:२०

अहवाल.

काल ऑफिसातून येताना खिमा आणला, दोनदा काढून. खाटीक म्हणाला, 'वहिनी, कबाब का?' मी म्हटलं, 'पाण्यात घालणार आहे.' तो काही बोलला नाही, पण वजन करताना दोनदा माझ्याकडे बघितलं.

आज दुपारी केली. कच्चा खिमा पाण्यात कुस्करताना हात थांबत होता, खरंच. वीस वर्षांची सवय आहे, तेल तापल्याशिवाय हात पातेल्यात जात नाही. आच लावल्यावर सासूबाई दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा नुसत्या बघून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, 'कुत्र्यासाठी का गं?' आमच्याकडे कुत्रा नाही.

दोन तासांनी मात्र रंग पालटला. करडं गेलं, विटेसारखा तपकिरी आला. आणि वास! नवरा आतल्या खोलीतून मीटिंग म्यूट करून बाहेर आला.

आणि मग मी तुमचं ऐकलं नाही. मुलाने 'आई भूक' म्हटलं आणि साडेआठला तशीच वाढली. चव अगदी ९० टक्के तीच. पण वर तेलाचा तवंग, स्पॅगेटीखाली केशरी पाणी साचलं आणि तीन घासांनंतर टाळूला मेणाचा थर बसला. मटणाची चरबी फारच लवकर थिजते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवली आहे.

---

मेसनकर | शनिवार, रात्री ९:३८

सकाळी फोटो टाका. बाकी काही बोलत नाही.

---

ओहायोची_माहेरवाशीण | रविवार, सकाळी ९:०५

फोटो टाकलाय. ती पांढरी थाळी बघा. पातेल्याच्या आकाराची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी जाड. सुरी कडेने फिरवली आणि अख्खी उचलली गेली, मधे मोडलीसुद्धा नाही. खाली चिली जेलीसारखी घट्ट. सगळी मात्र टाकली नाही, चमचाभर परत घातली, नाहीतर अगदीच सपक लागेल असं वाटलं.

गरम केली, पंधरा मिनिटं उकळू दिली. रस्सा चमच्यावरून रिबिनीसारखा पडायला लागला. एक थेंब व्हिनेगर वरून.

नाश्त्याला थ्री-वे खाल्ली आम्ही. सकाळी नऊला. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि काही बोलला नाही, फक्त काटा आडवा करून स्पॅगेटी कापायला लागला. तिकडे तशीच कापून खातात, गुंडाळत नाहीत. त्याला हे आठवायला एक वर्ष लागलं.

---

ह्यूस्टनचा_हणमंत | रविवार, सकाळी ९:३०

अभिनंदन. याला चिली म्हणणार नाही, पण अभिनंदन.

---

सांजपाखरू | रविवार, सकाळी ११:१४

चीजचं काय केलंत? मी एकदा करून बघितलं होतं, चीजचा थर तसाच बसून राहिला, प्लास्टिकसारखा.

---

ओहायोची_माहेरवाशीण | रविवार, सकाळी ११:४०

चीजमध्ये मी आधीच पैसे घालवले आहेत, तेव्हा अनुभवाचे बोल. पहिल्या वेळी आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज किसलं होतं. ते वितळतच नाही नीट, मऊ होऊन चिकटतं. दुसऱ्या वेळी किसलेल्या चेडरचं पाकीट. त्यातल्या चीजला एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च चोळलेला असतो, तो रश्श्यात उतरला की पिठूळ लागतं. आता साध्या सौम्य चेडरची लादी घेतली, महाग पडली, आणि किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसली, ज्या बाजूने आपण खोबरं किसत नाही ती. चीज थंडगार, चिली वाफाळती. किस इतका हलका असतो की मूठभर दिसतो पण वजनाला काहीच नाही. खालून वितळतो, वरून तसाच राहतो.

---

मेसनकर | रविवार, दुपारी १२:२०

अगदी. काल मुद्दाम काउंटरवर बसलो आणि बघत राहिलो. वाढणारा माणूस डाव्या हाताने बशी धरतो, चिमट्याने स्पॅगेटी, एक पळी चिली, आणि मग चीजच्या डब्यात हात घालून ओंजळ भरून वर ठेवतो, तळव्याने एकदाच हलकं थापटतो. सगळं मिळून अर्धं मिनिटही नाही. स्पॅगेटी आधीच मऊ शिजवलेली असते. इटालियन लोकांसारखी कणीदार ठेवू नका, रस्सा शोषत नाही. निघताना गल्ल्यापाशी पेपरमिंट पॅटी घेतली, तुमच्या नावाने खाल्ली.

---

शेंगदाणा_कूट | रविवार, संध्याकाळी ५:०२

मसुराची केली! तूप घातलं. मसूर घोटून रस्सा छान दाट झाला. पण दालचिनी मला जास्त वाटली, पुढच्या वेळी अर्धी. राजमा वेगळा उकडून घातला, नुसता, मसाला न लावता. हे बरोबर ना?

---

मेसनकर | रविवार, संध्याकाळी ५:४५

बरोबर काकू. राजमा चिलीत शिजवायचा नाही, वेगळाच. बशीत स्पॅगेटी, चिली, त्यावर राजमा आणि कांदा, सगळ्यात वर चीज. कांदा बारीक चिरलेला आणि कच्चाच.

---

दापोलीची_वाडी | सोमवार, सकाळी ८:३०

ताई, पानं मिळाली का? गुरुवारच्या एसटीने दिली होती.

---

ओहायोची_माहेरवाशीण | सोमवार, दुपारी १:५५

मिळाली, खूप खूप आभार! पिशवी उघडली तर अख्खा हॉल दरवळला. दाणे शेवटी मसाल्याच्या घाऊक दुकानात मिळाले होते. मी दुकानदाराला सांगितलं, 'शेपटी नको.' त्याला लगेच कळलं. तरी पुढच्या वेळी पानं घालून करणार.

थोडी चिली उरली होती. काल संध्याकाळी सासूबाईंनी ती गरम केली, लादी पाव आणला, वर कांदा आणि लिंबू घेऊन बसल्या. दोन पाव संपवले. मग पातेलं माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, 'खिमा बरा झालाय. फोडणी विसरलीस का?'

---

तिरकस | सोमवार, दुपारी २:०१

हसून हसून पुरेवाट. सासूबाईंना इथे आयडी काढून द्या.